हायवेवरची विकाऊ लेन

माझे वडील दिलसुखनगरच्या एका लाकडाच्या वखारीत बंडी ओढायचे. बंडी म्हणजे हातगाडी. सागाचे वासे रचून ती कोठीच्या बाजारापर्यंत न्यायची, रिकामी परत आणायची, पुन्हा भरायची. रस्ता तेव्हा अरुंद होता. मागून लॉरी आली की बंडी कडेच्या चिखलात उतरवावी लागे, आणि चिखलातून वर काढायला दुसरं माणूस लागे. ते दुसरं माणूस म्हणजे आई. विद्यानगरात प्रोफेसर लोकांच्या घरी पोळ्या लाटून झाल्या की ती वखारीत यायची. गावाकडची शेती एका भावाला पुरेल एवढी आणि भाऊ चार, म्हणून हे दोघं नांदेडकडून हैदराबादला आलेले. एका खोलीत आम्ही पाच जण. रात्री जेवताना वडिलांची बोटं वाकत नसत. भाकरी आई कुस्करून द्यायची.

मग सरकारने तो रस्ता रुंद केला. जायला दोन लेन, यायला दोन. त्या दिवशी वडील घरी येऊन म्हणाले, "आज लॉरीवाला बाजूने गेला, मला हॉर्नसुद्धा दिला नाही." एवढंच म्हणाले, पण खूश होते.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो. सिव्हिल इंजिनिअर झालो, सरकारी रस्ते खात्यात लागलो, आणि फिरत फिरत नव्वदच्या दशकात त्याच हायवेचा डेप्युटी इंजिनिअर झालो. वडील वखारीत सांगत सुटले की सडक आता आमच्या पोराची आहे.

दिवस मोठे मजेचे होते. कोठीच्या दुकानांत परदेशी टेपरेकॉर्डर उघड्यावर मिळू लागले होते. दिलसुखनगरात रोज एक नवा कोचिंग क्लास आणि त्याच्या खाली एक एसटीडी बूथ. रस्त्यावर मारुती गाड्या वाढल्या, सात सीटर ऑटो वाढले, आणि सकाळी तो हायवे असा तुंबायचा की चालणारा माणूस पुढे जायचा. ऑफिसात जो तो 'प्रायव्हेट पार्टिसिपेशन' म्हणायचा. मीही म्हणायचो.

अशात एका खाजगी कंपनीचा प्रस्ताव आला. प्रत्येक बाजूची आतली लेन त्यांना द्यायची. ते मध्ये काँक्रीटचा कठडा घालणार, गुळगुळीत डांबर टाकणार, टोल घेणार. टोल भरेल तो सुसाट जाईल. न भरणाऱ्यांना उरलेली एक लेन. वर सगळ्यांनाच ते आवडलं होतं. फक्त 'टेक्निकली फीजिबल' या शेऱ्याखाली माझी सही हवी होती.

कंपनीचे कपूरसाहेब दिल्लीहून आले. पस्तिशीचा, हसतमुख, भलताच हुशार माणूस. त्यांनी टेबलावर ड्रॉइंग पसरलं. आमचे सुपरिंटेंडिंग इंजिनिअर रेड्डीसाहेब खुर्चीत मागे रेलून ऐकत होते. साहेबांची तेलुगू, माझी मराठी, कपूरांची पंजाबी; तिघं मिळून दखनीत, म्हणजे हैदराबादी हिंदीत बोलायचो, अधूनमधून इंग्रजी.

हिशेब सांगतो. रस्त्यावर किती गर्दी आहे हे नुसती वाहनं मोजून कळत नाही. स्कूटर आणि बस सारखी कशी धरणार? म्हणून प्रत्येक वाहनाचे 'मोटारी'त रूपांतर करतात. बस म्हणजे काही मोटारी, बैलगाडी म्हणजे आणखी जास्त, कारण ती हळू चालते. याला आम्ही पीसीयू म्हणतो. कंपनीच्या हिशेबात उरलेल्या लेनवर फारशी गर्दी नव्हती. मी पुन्हा पाहिलं. त्यांनी सगळ्या बसेस टोलच्या लेनमध्ये घातल्या होत्या.

"बस आतल्या लेनमध्ये थांबणार कशी?" मी विचारलं. "स्टॉप डावीकडे आहेत."

"स्टॉप कमी करू," कपूर म्हणाले. "दोन-तीन मोठे टर्मिनल."

"साहेब, इथे स्टॉप नसलेल्या ठिकाणीही बस थांबते. कुणी हात केला की थांबते."

"डिसिप्लिन येईल, जाधवजी. टाइम्स आर चेंजिंग."

रेड्डीसाहेबांनी कपूरांना चहाला पाठवलं आणि मला म्हणाले, "जाधवगारू, तुमचं प्रमोशन माझ्याच टेबलावर आहे. कैकु परेशान होते? सही करा."

घरी सुनंदा, माझी बायको, तेच म्हणाली. "अहो, रस्ता काय तुमच्या वडिलांचा आहे?"

"वडिलांना विचार," मी म्हणालो. ती हसली नाही. तिचंही बरोबर होतं. आमचा मुलगा दहावीत होता, आणि प्रमोशन नाकारलं की बदली ठरलेली असते. मी टोलच्या विरुद्ध नव्हतो. नवी जमीन घ्या, नवा रस्ता बांधा, खुशाल टोल लावा. पण लोकांच्या पैशाने झालेल्या रस्त्याचा अर्धा भाग कापून त्यांनाच विकायचा, आणि जो घेऊ शकत नाही त्याला उरलेल्या अर्ध्यात कोंबायचं, याला मी फीजिबल कसं म्हणू?

आमच्या खात्यात एक जुनी रीत आहे. कुठलंही काम सुरू करण्याआधी जमिनीवर चुना टाकून ते आखायचं आणि साहेबाला दाखवायचं. त्याला लेआउट देणं म्हणतात. रस्त्याखालची साधी मोरी असली तरी रेड्डीसाहेब स्वतः लेआउट पाहिल्याशिवाय कुदळ मारू द्यायचे नाहीत. चुन्यावर उभं राहून बघायचे, मग मान हलवायचे. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, सही करतो. आधी लेआउट बघा."

"रस्त्याचा कसला लेआउट? रस्ता तर आहेच."

"कठड्याचा. मोरीचा बघता, याचा नको?"

साहेबांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाले, "तू लई बदमाश आहेस." हे त्यांनी चक्क मराठीत म्हटलं. माझ्याकडूनच शिकले होते.

ट्रॅफिक पोलिसांची परवानगी काढली. पहाटे आमच्या गँगने दिलसुखनगरपासून पुढे चुन्याची रेघ ओढली आणि तिच्यावर डांबराचे रिकामे ड्रम ओळीने मांडले. आमचे वर्क इन्स्पेक्टर गफूरभाई ड्रम सरळ करत म्हणाले, "साब, आज गाल्यां खाने का दिन है. मैं तो कान में रुई लेको आया."

कपूरसाहेब ऐन गर्दीला आले. रेड्डीसाहेबांना आणि मला आपल्या गाडीत घेऊन ते आतल्या लेनमध्ये शिरले. काय सांगू! पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. ड्रम भराभर मागे पडत होते.

"देखिए! मक्खन!" कपूर म्हणाले.

खरंच लोणी होतं. मी कबूल केलं. टोकाला उतरल्यावर मी म्हणालो, "सर, आता मागे जाऊन बाहेरच्या लेनने येऊ. बसने."

रेड्डीसाहेब किती वर्षांनी सिटी बसमध्ये चढले कोण जाणे. पुढच्या दाराने चढू लागले, ते बायकांचं. कंडक्टर ओरडला, "ओ चाचा, पीछे से!" साहेब मुकाट्याने मागे आले, मी आणि कपूर त्यांच्या मागोमाग चढलो.

बस निघाली आणि थांबली. पुढे एक बस प्रवासी घेत होती. तिच्या मागे ऑटो, ऑटोच्या मागे उसाचा ट्रॅक्टर, मग आम्ही. एरवी मागची वाहनं उजवीकडून काढून पुढे गेली असती. आता उजवीकडे ड्रम. एक बस थांबली की सगळा हायवे थांबत होता. ती सुटली की आमच्या बसला कुणी हात करायचं. बाजूच्या मोकळ्या लेनमधून एक पांढरी गाडी सुळकन गेली आणि अख्ख्या बसने माना वळवून तिच्याकडे पाहिलं.

मग तोंडं सुटली. "ड्रमां कौन रख्खे रे? सड़क क्या उनके ससुरे ने दी?" कोचिंगची पोरं खाली उतरून चालू लागली. कंडक्टर खिडकीतून म्हणाला, "हौ, जाओ, तुमीच पहले पहुँचते." एका म्हातारबाईंच्या मांडीवर दवाखान्याची पिशवी होती. कोठीच्या डॉक्टरकडे निघाल्या होत्या. त्या तेलुगूत जे सुरू झाल्या ते थांबेचनात. साहेबांच्या अगदी कानाशी.

कपूरांनी हळूच विचारलं, "सर, व्हॉट इज शी सेइंग?"

"आशीर्वाद देतायत," साहेब म्हणाले. "तुम्हाला आणि मला."

म्हातारबाईंनी मग साहेबांच्याच दंडाला धरून विचारलं, नायना, म्हणजे बाळा, तूच सांग, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या चुन्याकडे पाहिलं. "अम्मा," ते म्हणाले, "काढतो."

मला वाटलं ते म्हातारबाईंची समजूत घालतायत. पण ते उतरले, चालत गफूरभाईंपर्यंत गेले आणि पहिल्या ड्रमला स्वतः पाय लावला. ड्रम गडगडत कडेला गेला. बसमधून शिट्ट्या आल्या. कपूर आपल्या गाडीकडे वळले. गाडीत बसताना मला एवढंच म्हणाले, "मेरी ड्रॉइंग में ये औरत नहीं थी." चांगला माणूस होता.

मी नोट लिहिली : फीजिबल नाही. कारणं खाली दिली. साहेबांनी त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'लेआउट पाहिला. सहमत.' वरून फोन आले. आमच्या दोघांच्या बदल्या झाल्या. मला डिझाइन विंगमध्ये टेबल दिलं, आणि प्रमोशन माझ्या ज्युनिअरला आधी मिळालं. सुनंदाने बरेच दिवस पोहे मुद्दाम तिखट केले.

प्रस्ताव काही महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. पण 'लेआउट पाहिला' असं लिहिलेल्या फाइलवर न बघता सही करायला कुणी तयार होईना. शेवटी कंपनीनेच तो मागे घेतला. पुढे इतर कुणी शहराबाहेर नव्या जमिनीवर बायपास बांधला, त्यावर टोल लावला. मी तो कुरकुर न करता भरतो.

नव्या इंजिनिअरांना मी एकच सांगतो. ड्रॉइंग ऑफिसात बघा, सही रस्त्यावर उभं राहून करा, आणि जमलं तर बसने जा.

त्या हायवेच्या चारही लेन मी रिटायर होईपर्यंत सगळ्यांसाठी खुल्या राहिल्या.