रक्त काढणाऱ्याची न्याहारी

शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी शेजारीण मथुराच्या शेताकडून रायफलचा एक बार. मागोमाग 'धप्प' असा आवाज. गॅसचा सिलिंडर आला. स्टॅनीभावोजी चहाला आले, पण बसले नाहीत.

दिवसात जसजसं घडेल तसतसं टिपून ठेवायचं ही क्लेमेंटीनची सवय कॉन्व्हेंट शाळेतली. तिथल्या सिस्टर म्हणत, ऐकलंस ते लिही, वाटलं ते नंतर. आता वय अठ्ठ्याहत्तर झालं, नवरा फर्डिनंड जाऊन अकरा वर्षं झाली, तरी चंदनसार गावाच्या मागे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या घरात डायरीचा एकही दिवस कोरा गेला नव्हता.

"बसा ना भावोजी."

"तो धप्प ऐकलात, वहिनी? गोळी मातीत गेली की असा आवाज येत नाही. भिजल्या गोणपाटावर दांडकं हाणल्यासारखा होता. रानडुकराच्या पोटात लागलीय." आणि चहा तसाच ठेवून ते बांधाकडे गेले.

स्टॅनी हे फर्डिनंडचे धाकटे भाऊ. वय एक्क्याऐंशी. उभा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून गेला, पण पायथ्याच्या गावांत माणसं त्यांना ओळखत ती रायफलमुळे. शिकारीवर बंदी आली तशी त्यांनी शिकार सोडली. पुढे पीक नासवणाऱ्या डुकरासाठी परवानगी निघाली तरच रायफल बाहेर यायची. पाच वर्षांपूर्वी हात थरथरू लागला, तेव्हा स्वतःच पोलीस ठाण्यात जाऊन रायफल आणि परवाना दोन्ही ठेवून आले.

त्यांचा एक नेम कधी मोडला नाही. जनावराचं रक्त ज्याने काढलं, त्याने ते जनावर मरेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही.

हा नेम क्लेमेंटीनला चांगलाच झोंबला होता. १९७१ साली तिच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता व्हायचे होते स्टॅनी. ते आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी चिखलाने माखून, उपाशी दारात उभे राहिले. जखमी डुक्कर दीड दिवस शोधत होते म्हणे. क्लेमेंटीनने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या दिवसाच्या डायरीत आहे, 'माफ करणार नाही.' वर्षभर केलंही नाही.

आठ वाजता वनरक्षक आणि भावेश ओटीवर आले. यंदा डुकरं मारायची परवानगी भावेशला मिळाली होती. टॉवरमध्ये राहणारा, दुर्बीण लावलेली नवी कोरी रायफल बाळगणारा. दारी आलेल्याला खायला घालायचं म्हणून क्लेमेंटीनने घावनं वाढली.

"आंटी, एकदम सॉफ्ट! अजून एक चालेल," भावेश म्हणाला. "बाकी मिस झाली यार. दीडशे किलोचा तरी असेल. पळाला."

वनरक्षक कागदावर लिहीत होता, 'गोळी चुकली.'

"चुकली नाही," पायरीवरून स्टॅनी म्हणाले. "मी बघून आलोय. रक्त काळपट आहे आणि त्यात हिरवा चोथा. पोट फुटलंय त्याचं. करवंदीच्या जाळीत शिरलंय."

"काका, तुमच्या टाइमला ठीक होतं. जाळीत कोण जाणार? रिस्क असते."

"रिस्क? आणि ही रोज तिथं भाजी खुडते, तिचं काय?"

मथुरा विळा घेऊन अंगणात उभी होती. "मी तर जानारच. मेथी काय माझ्यासाठी थांबते? तो कुठं बसलाय ते मला कोन सांगनार?"

"संध्याकाळपर्यंत मरेल आपोआप," असं म्हणून भावेशने घावनाचा तुकडा मोडला.

क्लेमेंटीनने पुढे होऊन त्याच्या हातातली बशी काढून घेतली. या घरात कुणाचं पान असं कधी उचललं गेलं नव्हतं.

"आंटी?"

"ऊठ. पोटात गोळी घेऊन ते जनावर दोन-दोन दिवस तडफडतं. समोर येईल त्याला फाडतं. मरायला मथुरा, आणि तू इथं बसून दुसरं घावन मागतोस? लाज नाही वाटत?" मग ती वनरक्षकाकडे वळली. "आणि तुम्ही! न बघता लिहिता? ही माझी डायरी वाचा. सहा दहाला बार, मागोमाग धप्प. मी तेव्हाच लिहिलंय."

त्याने वाचलं, स्टॅनींकडे पाहिलं आणि मान खाली घालून कागदावरची ओळ खोडली. "भावेशसाहेब, चला. परवानगी तुमच्या नावावर आहे."

"मी माग काढतो," स्टॅनी म्हणाले. "गोळी तू घाल."

साडेआठला तिघं गेले. मथुराला ओटीवर बसवून क्लेमेंटीन घड्याळाकडे बघत राहिली. म्हाताऱ्या माणसाच्या हातात साधी काठी, आणि ज्याच्यावर भरवसा ठेवायचा तो हा! दहा वाजले, अकरा वाजले. अकरा चाळीसला बार झाला. मग धप्प. मग काहीच नाही. तिने पदराचं टोक पिळून पिळून दोरी केली, तेव्हा कुठे स्टॅनींची शीळ ऐकू आली.

"स्वतःच्याच मागाकडे तोंड करून बसलं होतं," परतल्यावर त्यांनी सांगितलं. "हा घाईने उडवणार होता. मी नळीवर हात ठेवला. म्हटलं, खांदा दिसू दे. वनरक्षक आता पुरून घेतोय."

भावेश फाटक्या शर्टाने तडक गाडीकडे गेला. सॉरी नाही, मथुराकडे एक नजर नाही. गाडीचा दरवाजा मात्र दणकन आपटला.

"बघा त्याचा रुबाब! रागावलाय कोण, तर तो!" क्लेमेंटीन धुमसत म्हणाली.

"असू दे. माझ्या पोटात सकाळपासून काही नाही, वहिनी."

"रक्त तुम्ही कुठे काढलं होतं?"

"माग मी काढला ना. आता वाढा. बाप्तिस्म्याचं जेवण अजून राहिलंय तुमच्याकडे."

तिने तवा तापत ठेवला.

संध्याकाळी तिने गोळी सुटल्याच्या दोन्ही वेळा पुन्हा तपासल्या आणि खाली लिहिलं: भावोजींनी पाच घावनं खाल्ली. दोन मथुरा घेऊन गेली. पीठ संपलं, तांदूळ भिजत घातले.