पायाळू मावशी आणि काळीनिळी पाठ

ती केस आजही माझ्या डोळ्यांपुढं आहे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शिपायापासून चढत फौजदार झालेला माणूस, शाळा फार नाही. आमचं ठाणं कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ.

सकाळची हजेरी चालू असताना एक इसम आला. त्याचा थोरला भाऊ ट्रक ड्रायव्हर, आदल्या दिवसापासून दवाखान्यात.

"साहेब, हार्ट अटॅक म्हणत्यात. पण पाठ बघा त्याची, काळीनिळी पडलीया. वहिनीनं आणि शेजारच्या कोळणीनं मारलंय त्याला."

डायरीला नोंद करून मी दवाखाना गाठला. पाठीवर थाळीएवढा काळा डाग. ड्रायव्हर गुंगीत, बोलेना. हा दगावला तर खुनाचं तीनशे दोन कलम लागणार, दोन बायका आत जाणार.

त्याच्या बायकोला विचारलं, "मारलं का?" तर मान खाली. माणूस लपवतो तेव्हा दर वेळी गुन्हाच लपवतो असं नाही. कधी नुसती लाज असते.

कोळीण मावशीला ठाण्यात बोलावलं. मासळीची पाटी दारात ठेवून आत आली.

"लाथ मारलीस त्याला?"

"मारली ना. तीन येला मारली."

लिहिणाऱ्या हवालदाराचा पेन थांबला.

"का?"

"त्याची पाठ धरली व्हती, उसन भरली. मी पायालू हाय सायेब, पायाकडून जल्मलेली. उसन उतरवाला अख्खा गाव माजी लाथ खातो. तुमची कंबर धरली तर तुमी पन या."

आता बायकोही बोलली. पाठीत कळ आली, उसण समजून मावशीला बोलावलं. लाथेनं कळ थांबली नाही, दरदरून घाम फुटला, मग दवाखाना. डॉक्टर अडाणी म्हणतील म्हणून लाथेचं तिथं सांगितलं नाही.

कबुली हातात होती. पण म्हातारीच्या अनवाणी पायानं एवढा डाग? पटेना. पंचनाम्याला परत दवाखान्यात गेलो आणि नीट बघितलं. दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधतात तिथंही तसलंच काळं कडं. सुई टोचली तिथं डाग. हिरड्यांतून रक्त. हिरड्यांना कुणी लाथ मारली?

डॉक्टर म्हणाले, "साहेब, हृदयाच्या नळीत रक्ताची गाठ अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन दिलंय. घसा बिघडवणाऱ्या जंतूंपासून ते बनतं. ते रक्तातलंच गाठ सोडवणारं एन्झाइम जागं करतं. पण कुठली गाठ मारणारी, कुठली जखम बुजवणारी, हे त्याला कळत नाही. सगळ्याच सोडवतं. लाथेनं आत बारीक दुखावलं असेल, तिथं रक्त पसरलं. आम्हाला सांगायला हवं होतं."

मी खाटेजवळच्या त्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीकडं बघत राहिलो. ज्या जंतूनं माणूस आजारी पडायचा, तोच त्याला वाचवत होता. आणि आपल्या रक्तात गाठ बांधणाराही आहे, सोडवणाराही. एवढी वर्षं अंगात वागवलं, पत्ता नव्हता.

डॉक्टरांचा जबाब घेतला. दोन दिवसांनी ड्रायव्हर शुद्धीवर येऊन बोलला, "मीच म्हणलं जोरात मार. मुंगी चावल्यागत मारत हुती मावशी."

भाऊ खाली बघायला लागला. मावशी त्याला म्हणाली, "तुजी उसन भरली तर मुंबयच्या दवाखान्यात जा. माज्या दारात येव नको." तक्रार तिथंच मिटली.

त्या केसनं शिकवलं की जखम दिसली म्हणून मारणारा असतोच असं नाही.

पुढं माझ्या बायकोला अटॅक आला. तेच इंजेक्शन. डॉक्टरांनी आधी सांगितलं, क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो. मी म्हणालो, द्या. छातीतली गाठ सुटली आणि मेंदूत रक्त उतरलं. ती गेली. पोरं म्हणाली, "बाबा, डॉक्टरवर केस करा. तुम्ही पोलीस आहात."

मी म्हणालो, "कुणावर करू? आरोपी नाही रे यात."

मग डॉक्टरांना हात जोडले आणि तिला घरी घेऊन आलो.