उलट्या दातांचा जबडा

खड्ड्यात दात खणताना लारबी वाळूखाली गाडला गेला, त्या दिवशी मआती व्यापाऱ्याने आधी दातांची गोणी बाहेर ओढली आणि मग माणसाकडे वळला. लारबीच्या थोरल्या भावाने, बूअज्जाने, हे स्वतः पाहिले होते. प्रेताच्या मिटलेल्या मुठीत शार्कचा एक दात होता. तो बूअज्जाने नऊ वर्षे जपला.

खुरिब्गाच्या पठारावर समुद्र आटून युगे लोटली होती आणि त्यातल्या शार्कांच्या दगड होऊन उरलेल्या दातांवर गाव जगत होते. सुटे दात वाळूत चिकटवून अखंड जबडा म्हणून विकणे, यात कोणाला पाप वाटत नसे. दात खरे आणि मांडणी खोटी, एवढ्या फरकावर सर्वांची सदसद्विवेकबुद्धी सुखाने झोपे. बूअज्जा या कामात निष्णात झाला, तो केवळ एका जबड्यासाठी.

त्याची बायको इज्जा वाकून पाहू लागली. "अहो, उजवे दात डावीकडे लावताय! भाऊजी असते तर हात मोडले असते तुमचे."

"लारबीला तळहातावर दात ठेवला की बाजू कळायची. मआतीला नुसती लांबी कळते."

त्याने बाजारातला चिकट रस वापरला नाही. वाळूत पिठाची पातळ खळ कालवली. मआती पारखताना पाणी ओतत असे. अस्सल वाळू ढासळते, रसातली ढासळत नाही.

"कुठला रे हा?" बूअज्जाने तयार जबडा समोर ठेवताच मआतीने विचारले.

"लारबीच्या खड्ड्यातला, हाजी."

पाणी पडताच वाळू सुटली. मआतीचे डोळे चकाकले आणि त्याने पैसे मोजले. खड्ड्याच्या नावाने त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, हे बूअज्जाने नीट पाहून घेतले.

शुक्रवारी मआतीच्या घरी कुसकुसचे, वाफवलेल्या रव्याचे, सर्वांसाठी एकच मोठे ताट मांडले गेले. गावातील वडीलधारे होते, जबडा पाहायला आलेली संग्रहालयातील एक विदुषी होती, बूअज्जालाही निमंत्रण होते. मआती रंगात आला. "अखंड निघालाय, बाईसाहेब. मी स्वतः खाली उतरून या हातांनी काढलाय. हजची शपथ!"

याच बढाईची बूअज्जा वाट पाहत होता.

बाई बराच वेळ निरखत राहिल्या, मग हसल्या. "हाजी, दात जबड्याच्या कोपऱ्याकडे झुकतात, हे तर सगळे मध्याकडे वळलेत! तुम्ही काढलात की बसवलात?"

मआतीने बूअज्जाकडे पाहिले. त्याच्यावर खापर फोडायचे तर शपथ खोटी ठरत होती. एक म्हातारा पुटपुटला, "खड्ड्यात हा कधी उतरला होता?"

बूअज्जा उठला. त्याने मधला दात वाळूतून उपसला.

"हा लारबीच्या मुठीतला, हाजी. तुम्ही गोणी ओढत होतात ना, तेव्हाचा."

ताटाभोवतीचे हात एकेक करून मागे सरले. बूअज्जाने दात खिशात टाकला आणि तो बाहेर पडला. त्या घरचा एकही घास त्याने तोंडात घातला नव्हता.