चपलेच्या तुकड्यांची दोरी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझा लहानपणचा मित्र देवाजी, त्याच्या लग्नाआधी त्याच्या आणि त्याच्या होणाऱ्या बायकोच्या रक्ततपासणीचे कागद माझ्या हातात होते. मी तेव्हा जीवरसायनशास्त्र शिकत होतो आणि गावातल्या शिबिरात मदतीला गेलो होतो. सिकलसेलचे दोघेही वाहक निघाले. त्यांना स्वतःला त्रास नव्हता, पण मूल आजारी निघू शकत होतं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालेलं, देवाजी हवेत... "काय निघालं बे?" त्यानं विचारलं. "काई नाई," मी म्हणालो, आणि कागद खिशात घातले.

महिन्यापूर्वी नागभीडहून त्याच्या पुतण्याचा फोन आला. देवाजी तळ्यावरून जाळं घेऊन आला, ओसरीत टेकला, तो उठलाच नाही.

त्याची मनीषा पाच वर्षांची असताना हातपाय दुखून विव्हळायची. तिला घेऊन तो चंद्रपूरला माझ्या कॉलेजात आला. "पोरीच्या रक्तात काय बिघडलं, मले समजावून सांग, मास्तर." मी फळ्यावर प्रथिनाची साखळी काढू लागलो. "हे राहू दे. दोरी असन तं दे," तो म्हणाला. जाळं तरंगावं म्हणून लावतात ते जुन्या चपलेचे तुकडे आणि बुडावं म्हणून लावतात ते मातीचे मणी त्याच्या पिशवीत होते; ते त्यानं माझ्या सांगण्यावरून दोरीत ओवले. मणी म्हणजे पाण्याशी जमणारे दुवे, तुकडे म्हणजे पाणी टाळणारे. पाणी टाळणारे आत दडतात, म्हणून साखळी आपोआप वळते, घडी होते, असं मी सांगितलं. मग बाहेरच्या बाजूचा एक मणी काढून तिथं चपलेचा तुकडा बांधायला लावला. "हा आत जाऊ शकत नाही. मग शेजारच्या साखळीला चिकटतो, ती पुढच्या. त्यांच्या काड्या होतात आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते."

तो बराच वेळ तो तुकडा बोटांनी चाचपत राहिला. "येवढ्याशानं?" मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "हे आधी कळलं असतं का रे?"

मी पुन्हा "नाई" म्हणालो... दुसऱ्यांदा.

तेरवीला वहिनी म्हणाल्या, "तुमच्यावर त्यांचा लय भरोसा होता, भाऊजी." मनीषा भिंतीला टेकून बसली होती, गुडघे चोळत. मी चहा संपवून निघालो.

ती दोरी माझ्या टेबलाच्या खणात आहे. दरवर्षी मुलांना तीच दाखवून प्रथिनाची रचना शिकवतो. ती कुणी ओवली, हे सांगतो. का ओवली, हे सांगत नाही.

हे छापून येण्याआधी मला नागभीडला जायचं आहे. त्या दोन कागदांत काय होतं, ते वहिनींना आणि मनीषाला माझ्या तोंडून कळायला हवं. एवढं माझं देणं आहे, आणि ते अजून दिलेलं नाही.