आत्या कुणाचं कुटुंब?

काका गेले आणि थोड्याच दिवसांत हाउसिंग बोर्डाच्या हापिसातून बोलावणं आलं. घर आता कुणाच्या नावावर करायचं, ते येऊन सांगा; घरचं कुणी नसेल तर बोर्ड ते परत घेईल. शहरात उस्मानपुऱ्याच्या मागं बोर्डाच्या त्या दोन खोल्या काकांना मिळाल्या होत्या. काकू बाळंतपणातच गेली, मूलही राहिलं नाही. नवऱ्यानं टाकलेली माझी आत्या तेव्हापासून भावाचं करत तिथंच राहिली. घर गेलं तर तिला दुसरीकडं जागा नव्हती. लासूर स्टेशन गावातल्या आमच्या एवढ्याशा घरात आम्हीच एकमेकांच्या अंगावर झोपायचो. म्हणून तिला घेऊन मी हापिसात गेले.

कारकुनानं चष्म्यावरून बघत विचारलं, "मयताचं कुटुंब का तुम्ही?"

आत्यानं जीभच चावली. पदर डोक्यावर ओढून म्हणाली, "अगं बया! सख्खी बहीण हाय मी त्याची! जनाची नाय तर मनाची तरी लाज ठेव!"

"म्हणजे कुटुंब नाही," म्हणत त्यानं पेन उचललं.

"नाय म्हंजी नाय!"

"अहो थांबा, लिहू नका!" मी ओरडलेच. "आमच्याकडं कुटुंब म्हणजे बायको!"

"इथं कुटुंब म्हणजे घरातलं माणूस. पण बाई स्वतःच नाही म्हणतात, त्याला मी काय करू?"

आता खरं कुणाचं धरायचं? त्याचं बरोबर, आत्याचंही बरोबर, आणि घर मात्र हातचं चाललेलं. मला आधी हसू फुटलं, मग त्या हसण्याचाच संताप आला.

बाहेर टपरीवर चहा घेऊन मी तिला समजावत बसले. समजावता समजावता माझंच डोकं गरगरायला लागलं.

"एवढा एक शब्द म्हण गं, आत्या."

"आन् लोकं काय म्हणतील?"

"लोकांचं खड्ड्यात जाऊ दे. डोक्यावरचं छप्पर जाईल ना!"

तिनं कप नुसता हातात धरून ठेवला. चहा गार झाला.

परत आत गेलो. मान खाली घालून ती पुटपुटली, "व्हय. त्याचं कुटुंबच मी."

"हे आधीच म्हणायचं ना! आता जागा तुमची," कारकून म्हणाला.

घरी आल्यावर ती पाणीसुद्धा न पिता काकूच्या तसबिरीपुढं उभी राहिली. "वहिनी, तुझी जागा नाय गं घेतली मी. नुसत्या भिंती घेतल्या."

मग माझ्याकडं वळली. "व्हय ना गं?"

मी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.