समासातली नावं

आमच्या शेजारचा सोमलिंग बुकबाइंडर. अंगाला आंबट खळीचा असा वास, की गल्लीतल्या माश्या त्याच्यामागं वरात काढायच्या. बायको शरणम्मा. पोटी मूल नाही. पण बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते. कुणाची आत्या जेऊरला, कुणाची रुसलेली. मग शरणम्माच साऱ्या गल्लीची आत्या. माझ्या मालतीचं नावही तिनंच ठेवलं. मला कुणी विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

तीस सालच्या सुमारास कचेरीतले जन्मनोंदीचे सुटे कागद सोमलिंगकडं बांधायला आले. हेडक्लार्क वेणीमाधवराव म्हणाले, "कडेला भोकं पाड, दोरा ओव, पुठ्ठा चिकटव. सोमवारी साहेबांची तपासणी आहे. उशीर केलास, तर पुढचं काम दुसऱ्याला."

सोमलिंगनं दाभण उचललं आणि तसाच थांबला. जन्म नोंदवताना बाळाला नाव नसतंच, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बारसं झालं की कारकून डावीकडच्या समासात नाव लिहायचा. कडेला शिवण घातली, तर नावं त्या शिवणीतच गडप होणार.

त्यानं मला हाक मारली. "दादा, आपल्या गल्लीची पानं बघा की. सगळी आमच्या शरणीनं ठेवलेली नावं हायत."

"म्हणजे एवढ्या लेकरांचा मामा तू? मग आहेर काढ."

तो हसला नाही. "जुजबंदी करतो."

जुजबंदीत कागद घडीवर शिवतात, म्हणून वही पार उताणी उघडते. पण हे कागद सुटे. प्रत्येकाला कापडाची पट्टी डकवून त्या पट्टीतून शिवायचं.

"सोमवारपर्यंत होतंय का?"

"न्हाय व्हत."

"काम जाईल, लेका."

"जाऊ द्या."

शरणम्मा पट्ट्या कापायला बसली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी नावं वाचत गेलो.

"गिरिजा."

"ती तिप्पण्णाची. नाव सांगितलं तर शिंकली बगा माज्या तोंडावर," ती म्हणाली, आणि पानावरून हात फिरवून ते नवऱ्याकडं दिलं. प्रत्येक पानाला असंच. उशीर का होणार नाही?

वही बुधवारी पोचली. सोबत मीही गेलो. तमाशा कोण सोडतो? वेणीमाधवराव साहेबांची बोलणी खाऊन बसलेले. "संपलं तुझं काम इथलं," म्हणाले. वही उघडली. ती टेबलावर सपाट पडली, कडेपर्यंत नाव न् नाव दिसत होतं. ते थोडा वेळ वाचत राहिले. पण शब्द काही मागं घेतला नाही.

सोमलिंगनं हात जोडले. "द्या की दुसऱ्याला, रावसाहेब. फकस्त समास सोडून शिव म्हणावं त्येला. आमच्या गल्लीत ह्या म्हैन्यात तीन बारशी हायत."