निळा कापूस

परवा द्राक्षबागेच्या फवारणीसाठी मोरचूद कालवताना बोटं निळी झाली आणि कोरोनातली ती सकाळ लख्ख समोर आली.

गावच्या शाळेत लस आली होती. शेजारचे काका दवाखान्यातून परतलेच नव्हते, तरी बागेत औषध मारणारे माझे वडील अप्पा हटून बसलेले. “मला काय झालंय?”

मी ओरडलो, “मग बागेला तरी काय झालंय? रोग यायच्या आधीच मारताय ना?”

अप्पांनी पंपच बंद केला. निघाले तसेच, अंगभर निळे शिंतोडे! मी मागे पळतोय, गल्ली बघतेय.

नर्सने दंड पुसला, तर कापूस निळाशार.

“बागेचं झालं, ताई. आता माझं करा.”

तेव्हा वाटलं, मी जिंकलो. पण हरलेला माणूस इतका तरातरा चालतो होय?